महालक्ष्म्या संध्याकाळी जेवतात

अपर्णा पोतनीसला बढती मिळाली आणि बढतीबरोबर तीन आठवड्यांचं ट्रेनिंगही आलं, तेही हैदराबादला. पत्र आलं त्या संध्याकाळी घरात पेढे वाटून झाले. तारखा मात्र दुसऱ्या दिवशी कुणीतरी नीट वाचल्या. ट्रेनिंगच्या बरोब्बर मधोमध महालक्ष्म्या येत होत्या.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्या घरात माणसं चारच: अपर्णा, तिचा नवरा विक्रांत, त्यांची नऊ वर्षांची मृण्मयी आणि विक्रांतचे वडील भय्यासाहेब. भय्यासाहेबांच्या पत्नी अनसूयाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या साड्या, दागिने, सोळा भाज्या, पुरण असं सगळं अपर्णाच बघायची. विक्रांतचं टावर चौकात चष्म्याचं दुकान होतं. सणाच्या दिवशी त्याच्याकडे दोनच कामं असत: केळीची पानं आणायची आणि कुणाच्या मध्ये यायचं नाही.

अपर्णा हैदराबादला गेली आणि दोन दिवसांनी भय्यासाहेबांनी जेवताना निर्णय सांगून टाकला.

"यंदा महालक्ष्म्या उभ्या करायच्या नाहीत. घरात बाई नाही. देव्हाऱ्यात हळदकुंकू वाहू, नैवेद्य दाखवू. देवीला कळतं सगळं."

"पण आजोबा," मृण्मयीचा घास हातातच राहिला, "दोनशे वर्षांत एकदाही खंड पडला नाही म्हणून तुम्हीच तर सांगता!"

ते खरं होतं. शिंदे सरकारच्या दफ्तरात काम करणाऱ्या मूळ पुरुषापासूनची ही गोष्ट भय्यासाहेब दरवर्षी आल्यागेल्याला ऐकवत. 

"मी करतो," विक्रांत म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"असं काय बघता? दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो मी. दोन साड्या नेसवता येणार नाहीत?"

मृण्मयी इतकी खूश झाली, की शुक्रवारी शाळेत मधल्या सुट्टीत तिने ही बातमी सगळ्या बाकांना सांगितली. तिथेच गडबड झाली. मुलं हसायला लागली. "तेरे पापा साड़ी पहनाएँगे?" म्हणत एकाने पदर घेतल्याचं सोंगही केलं. मृण्मयीचे कान गरम झाले.

मुक्ता तेवढी हसली नव्हती. मुक्ता गेल्या वर्षी शाळेत आली होती. तिची आई मीना बँकेत होती, अमरावतीहून बदली होऊन आलेली. नानाखेड्याला त्यांचा फ्लॅट होता. तिथे आई, आईची धाकटी बहीण सुमनमावशी, मुक्ता आणि चार वर्षांचा सौमित्र अशी चौघं राहत.

"माझी मावशी दहा मिनिटांत नेसवते," मुक्ता म्हणाली. "आमच्याकडे पण बसतात महालक्ष्म्या. तुला हवं तर विचारू तिला?"

मदत करायला आलेल्या माणसावरच राग काढणं सर्वांत सोपं असतं. मृण्मयीने तेच केलं.

"तुमच्याकडे कशा बसतील? तुमचं घर तर अधुरं आहे."

 मुक्ताने डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. शाळा सुटेपर्यंत तिने वळून पाहिलं नाही.

रविवार उजाडला. आज महालक्ष्म्यांना घरात आणायचं आणि सोमवारी पूजा. भय्यासाहेबांनी पंचांग पाहून सांगितलं, "संध्याकाळी साडेपाचच्या आत देवी आत आल्या पाहिजेत."

विक्रांतने सकाळी आठलाच पत्र्याच्या दोन कोठ्या मांडल्या. ह्या कोठ्यांनाच साड्या नेसवायच्या आणि वर मुखवटे ठेवायचे. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि फोनमध्ये हैदराबादच्या हॉस्टेलच्या खोलीत बसलेली अपर्णा होती.

"निऱ्या डावीकडून घे. अरे ती उजवी, तिच्या डावीकडून!"

"तिची डावी म्हणजे माझी उजवी ना?"

"तू तिच्या मागे उभा आहेस, विक्रांत."

अकरा वाजेपर्यंत थोरलीची साडी चार वेळा नेसवून झाली आणि चार वेळा सुटली. पाचव्या वेळेला साडी टिकली, पण कोठीच कलंडली आणि भय्यासाहेबांनी ती वरच्यावर पकडली. धाकटीला तर अजून हातही लागला नव्हता. विक्रांत घामाने निथळत जमिनीवर बसला.

"मुक्ताच्या मावशीला येतं," मृण्मयी हळूच म्हणाली.

"बढिया! मग आत्तापर्यंत काय झोपली होतीस? लाव फोन त्यांना."

मृण्मयी जागची हलली नाही. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायलाच लागली. रडत रडत तिने शुक्रवारचं सगळं सांगितलं. हसणारी मुलं, मुक्ता, आणि स्वतःचं ते वाक्य.

"असं म्हणालीस तू तिला?" विक्रांतचा आवाज चढला. "कुणी शिकवलं तुला असं बोलायला?"

मृण्मयी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मान वर न करता म्हणाली, "आजोबा म्हणाले होते. मुक्ताच्या आईचा डिव्होर्स झालाय हे आई सांगत होती ना, तेव्हा. 'अधुरं घर, बिचारी पोर,' असं."

  भय्यासाहेबांनी अजून एका हाताने कोठी धरून ठेवलेली होती. ती त्यांनी सरळ केली, हलत नाही ना ते पाहिलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत लावला.

"चप्पल घाल," ते मृण्मयीला म्हणाले. "तू बोललीस, पण शब्द माझा होता. दोघांनाही जायला हवं."

ई-रिक्शात मृण्मयी आजोबांना खेटून बसली. दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्यांनी रस्ता भरून गेला होता. रिक्शा रांगत होती.

"आजोबा, मोठी माणसं पण सॉरी म्हणतात?"

"म्हणायला हवं. सवय नसते, म्हणून जड जातं."

"तुम्हाला जड जाऊन राहिलंय?"

"फार," भय्यासाहेब म्हणाले.

नानाखेड्याच्या बस स्टँडमागची ती कॉलनी. मीनाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. भय्यासाहेब प्रत्येक वळणावर थांबत, श्वास घेत वर चढले. दार मुक्तानेच उघडलं. मृण्मयीला पाहून तिचे ओठ मिटले.

"आई, मृण्मयी आलीय," तिने आत वळून सांगितलं, दूधवाला आल्याचं सांगावं तसं.

मीना हात पुसत बाहेर आली. मागून सुमन. ती उज्जैन स्टेशनवर टीसी होती आणि आज तिची सुट्टी होती. बैठकीच्या कोपऱ्यात मुक्ताचं अभ्यासाचं टेबल रिकामं करून त्याच्यासमोर महालक्ष्म्या उभ्या होत्या. एक अंजिरी साडीत, एक हिरव्या. निऱ्या अशा, की जणू इस्त्रीच केली आहे. मुखवटे संध्याकाळी बसायचे होते, पण पुढ्यात त्यांची दोन बाळं मांडून झाली होती. एक वेण्या घातलेली मुलगी, एक टोपीवाला मुलगा.

मृण्मयीने रिक्शात चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी वाईट बोलले," ती म्हणाली. "सगळे मला हसले आणि मी तुला बोलले. सॉरी."



भय्यासाहेब अजून धापा टाकत होते. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "हिने तो शब्द माझ्याकडून उचलला, बेटा. मी तुमचं घर पाहिलेलं नव्हतं, तुम्हाला ओळखत नव्हतो, आणि जेवता जेवता बोलून मोकळा झालो. माझं चुकलं. मीनाताई, तुमचीही क्षमा मागतो."

 मुक्ता विचार करत होती. गणितातली चूक दाखवावी अशा आवाजात ती म्हणाली, "आजोबा, इकडे बघा. या दोघी बहिणी आहेत ना?"

"हो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा."

"आणि ही त्यांची मुलं. मग यांच्याकडे कुठे बाबा आहेत? यांचं घर पण अधुरं आहे का?"

भय्यासाहेबांनी महालक्ष्म्यांकडे पाहिलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर. दरवर्षी भाद्रपदात त्यांनी या दोघींना हात जोडले होते. दोन बायका, दोन लेकरं. शेजारी आणखी कुणी का नाही, असं त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"नाही गं, बाई," ते सावकाश म्हणाले. "यांच्याकडे तर आपण भरलं घर मागतो."

"हं," मुक्ता म्हणाली. मग तिला वाटलं, अर्धीच माहिती देणं बरोबर नाही. "आणि मला बाबा आहेत. भोपाळला असतात. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सौमित्र जातो त्यांच्याकडे. ते फक्त या घरात नसतात."

"कळलं."

मीना इतक्या वेळाने हसली. "काका, राग आला होता मला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस धड जेवली नाही ही. पण तुम्ही तीन जिने चढून आलात, आता किती वेळ धरून बसू? बसा आधी. पाणी घ्या."

पाणी झालं, चहा झाला. सौमित्र आतून येऊन भय्यासाहेबांच्या मिशांचं निरीक्षण करून गेला. काहीतरी बोलायचं म्हणून भय्यासाहेबांनी विचारलं, "उद्या तुमच्याकडे नैवेद्य बारालाच ना?"

"नाही," मुक्ता म्हणाली. "आमच्या महालक्ष्म्या संध्याकाळी जेवतात. आई बँकेतून आणि मावशी ड्यूटीवरून आल्यावर."

"आणि तोवर?"

"थांबतात. आम्ही थांबतो तशा."

"दुपारी बिस्कीट खातात," सौमित्रने सांगितलं. "मी ठेवतो."

भय्यासाहेब खदखदून हसले. तेवढ्यात मृण्मयीने सुमनमावशीचा कुर्ता ओढला आणि घरी काय अवस्था आहे ते सांगून टाकलं. चार वेळा सुटलेली साडी, कलंडलेली कोठी, सगळं.

"चला," सुमन लगेच उठली. "पण एक सांगते. मी नेसवून देणार नाही, शिकवीन. दरवर्षी कोण येणार तुमच्याकडे?"

मुक्ताही निघाली. माफ केलंस का, असं मृण्मयीने जिन्यात विचारलं. "विचार करतेय," मुक्ता म्हणाली.

फ्रीगंजच्या घरी सुमनने एकदा कोठीकडे पाहिलं आणि विक्रांतला म्हणाली, "तुमचा कमरेचा पट्टा द्या."

"पट्टा?"

"साडी सुटते कारण तिला धरायला काही नाही. परकराची नाडी असते ना आपल्याला, तसं. आधी पट्टा आवळा, मग निऱ्या आत खोचा. आणि पिना काढा, एवढ्या नाही, अजून."

तिने थोरली नेसवून दाखवली, सोडली, परत दाखवली. धाकटी पूर्ण विक्रांतने केली. पॅंट एका हाताने सावरत, जीभ दातांत धरून त्याने एकेक निरी घातली. पूर्ण झाल्यावर सगळे दोन पावलं मागे सरकून बघू लागले.

"रामघाटाच्या पायऱ्या दिसतायत," फोनमधून अपर्णा म्हणाली. "एक रुंद, एक अरुंद."

"पण पडली नाही!" विक्रांत ओरडला.

मुक्ता फिसकन हसली. तिच्या हसण्याने मृण्मयीलाही हसू आलं. मग दोघी पोट धरून जमिनीवर बसल्या. कट्टी नेमकी तेव्हा सुटली की नंतर, हे दोघींनाही सांगता येत नाही.

पाच वाजता दारात रांगोळीची पावलं उमटली. मुखवटे घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या असणाऱ्या सुनेच्या पायांवर पाणी घालायची रीत होती. आज बाहेर विक्रांत थोरलीला घेऊन उभा होता आणि मृण्मयी धाकटीला. भय्यासाहेबांनी तांब्या उचलला. आधी मुलाच्या पायांवर पाणी घातलं, मग गुडघे धरत वाकून नातीच्या.

"कोण आलं?" त्यांनी आतून विचारलं. हा प्रश्न नेहमी बायकाच विचारायच्या. 

"महालक्ष्मी आल्या!"

"काय घेऊन आल्या?"

"पुरणपोळी!" मृण्मयी म्हणाली. खरं उत्तर सोनंनाणं, धनधान्य असं होतं, पण भय्यासाहेबांनी दुरुस्त केलं नाही. मुक्ता ताटावर चमचा इतक्या जोरात बडवत होती, की समोरच्या गॅलरीत माणसं आली. मुखवटे बसताच विक्रांतने सुमन आणि मुक्ताला स्कूटरवर घालून नानाखेड्याला पोचवलं. तिकडची आवाहनाची वेळही टळायला नको होती.

रात्रीच्या जेवणाआधी अपर्णाचा पुन्हा फोन आला. "उद्या सवाष्ण म्हणून श्रीधरकाकांकडच्या काकूंनाच सांगितलंत ना?"

"काकूंना सांगितलंय," भय्यासाहेब म्हणाले. "पण मानाची ताटं तीन मांडायची. मीना आणि सुमनसुद्धा."

विक्रांत चपापला. "भय्यासाहेब, एकीचा घटस्फोट झालेला, एकीचं लग्न झालेलं नाही. आपल्याकडची पद्धत..."

"देवीला जिने उभं केलं तिला बाजूला बसवायचं, ही कुठली पद्धत? अनसूया असती तर तिने मला विचारलंही नसतं." त्यांनी पंचांग बाजूला सारलं. "फक्त त्यांना दुपारी जमणार नाही. तेव्हा नैवेद्य साडेसहाला."

"साडेसहाला?" आता फोनमधली अपर्णाही उडाली. दुपारी बाराची वेळ या घरात कुणी कधी पाच मिनिटंही पुढेमागे केली नव्हती.

"थांबतात त्या," भय्यासाहेब म्हणाले. "मी आजवर विचारलं नव्हतं, एवढंच."

सोमवारी विक्रांतने दुकान बंद ठेवलं. सोळा भाज्यांपैकी बाजारात चौदा मिळाल्या. कोथिंबीर आणि हिरवी मिरची धरून भय्यासाहेबांनी सोळा पूर्ण केल्या. पुरण जरा पातळ झालं. पहिली पोळी तव्यावर फाटली, दुसरी मध्य प्रदेशच्या नकाशासारखी झाली, तिसरीपासून बऱ्या व्हायला लागल्या. शाळेतून आल्या आल्या मृण्मयीने हात धुऊन हार ओवले.

साडेसहाला मीना बँकेतून तडक आली, गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही विसरून. सुमन स्टेशनवरून काळ्या कोटातच आली. मुक्ता आणि सौमित्रला विक्रांतने आधीच स्कूटरवरून आणलं होतं. काकू आधीच येऊन बसल्या होत्या. काळा कोट पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, मग त्या म्हणाल्या, "बाई गं, मागच्या महिन्यात इंदूरच्या गाडीत माझं तिकीट तुम्हीच तपासलंत!" आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी रेल्वेच्या तक्रारी सांगण्यात घालवली.

मृण्मयीने तिघींना हळदकुंकू लावलं. मीना पाटावर बसायला थोडी अडखळली.

"काका, ही जागा..."

"बस गं," भय्यासाहेब म्हणाले. 'ताई' गळून पडलं होतं. "पुरण तेवढं सांभाळून घे. पहिलीच वेळ आहे आमची."

मीनाने पहिला घास खाल्ला. डोळ्यांत पाणी तरळलं, ते तिने पटकन टिपलं आणि म्हणाली, "भाजीत मिरची फार आहे." सगळे हसले. मिरची खरंच फार होती.

जेवणं उरकली तशी दोन्ही घरं मिळून नानाखेड्याला निघाली, कारण तिकडच्या महालक्ष्म्या अजून उपाशी होत्या. मीनाने पहाटे उठून पुरण शिजवून ठेवलं होतं. सुमनने भराभर पोळ्या लाटल्या, विक्रांतने भाजल्या, आणि गॅससमोर उभं राहून निऱ्यांपेक्षा पोळ्या सोप्या आहेत असं मत दिलं. पोट भरलेलं असूनही भय्यासाहेबांनी नैवेद्याच्या ताटाकडे आदराने नाही, तर सरळसरळ भुकेने पाहिलं. मीनाचं पुरण उत्तम झालं होतं.

आरतीची वेळ झाली. मुक्ता आणि मृण्मयीने एकाच घंटेसाठी भांडून शेवटी ती अर्धी अर्धी आरती वाटून घेतली. मीनाच्या हातातल्या फोनवर अपर्णा होती. सगळे उभे राहिले, भय्यासाहेब सोडून. बिस्किटं खाऊन, दोन्हीकडची पुरणपोळी चाखून दमलेला सौमित्र त्यांच्या मांडीवर गाढ झोपला होता. मिशीचं एक टोक त्याच्या मुठीत होतं.

"भय्यासाहेब, उठता का? याला मी घेतो," विक्रांत पुटपुटला.

"राहू दे," भय्यासाहेब म्हणाले. "करा सुरू."

आणि बसल्या बसल्याच, पोर जागं होणार नाही इतक्या हलक्या हाताने, ते टाळ्या वाजवू लागले.